एका टिकटिकीचा शोध

रात्री नळ ठिबकत असेल तर माणूस उठून नळ घट्ट करतो. दार वाऱ्याने आपटत असेल तर कडी लावतो. परंतु चालत्या मोटारीत कोठेतरी काहीतरी वाजू लागले तर माणूस काय करतो? प्रथम तो चिडतो, मग डॅशबोर्डावर एक बुक्की मारतो आणि शेवटी रेडिओ मोठा करतो. आवाज तेवढ्यापुरता झाकतो. जात मात्र नाही. गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या गाडीत असाच एक आवाज शिरला. त्याचा पत्ता लावायला मला पंधरा दिवस लागले. ते काम मी कसे केले, कोठे चुकले आणि शेवटी हाती काय आले, हे सांगण्यासाठी हा लेख.

आमची गाडी म्हणजे हौसेची मोटार नव्हे. माझे वडील भाड्याची गाडी चालवतात. आम्ही त्यांना आबा म्हणतो. साताऱ्याहून पुणे, वाई, पाचगणी, महाबळेश्वर अशी त्यांची भाडी असतात. गाडी दहा वर्षांची आहे, पण आबांनी ती घरच्या जनावरासारखी जपली आहे. सकाळचे भाडे नसले की ते मला मेढ्याच्या रस्त्याने कॉलेजपर्यंत सोडतात. त्या प्रवासातच मी तो आवाज प्रथम ऐकला. बारीक, कोरडा, घड्याळासारखा. परंतु घड्याळाची शिस्त नसलेला. रस्ता गुळगुळीत असला की गप्प, जरा खरबरीत झाला की सुरू.

"आबा, हे काय वाजतंय?" मी विचारले.

"कुठं काय वाजतंय? मला तर काहीच ऐकू येत नाही."

मी गप्प बसले. पुढे चार-पाच दिवसांनी, महिन्यातून दोनदा पुण्याला जाणाऱ्या एका कुटुंबाने आबांना सांगितले की, वाटभर त्या आवाजाने डोके उठले, पुढच्या वेळी आम्ही दुसरी गाडी बघू. आबा घरी येऊन म्हणाले, "गिऱ्हाइकाला भाडं कमी करायला निमित्त लागतं." मला त्यांचा राग आला. आवाज इतका स्पष्ट होता, की तो ऐकू येत नाही असे म्हणणे म्हणजे गॅरेजचा खर्च टाळण्याची युक्ती आहे, अशी माझी समजूत झाली. या समजुतीकडे मी लेखाच्या शेवटी परत येणार आहे.

आवाजाला नाव हवे

आमच्या ओळखीचे एक मिस्त्रीकाका आहेत. मी त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, "काका, गाडीत आवाज येतोय." ते हसले. म्हणाले, "डॉक्टरकडे जाऊन 'दुखतंय' एवढंच सांगतेस का? कसा वाजतो ते सांग. खडखड, खुळखुळ, का टिकटिक?"

मराठीचा विद्यार्थी अनुकरणवाचक शब्द पाठ करतो ते परीक्षेपुरते. परंतु गॅरेजमध्ये हेच शब्द रोगनिदानाची भाषा आहेत, हे मला त्या दिवशी कळले. काकांच्या सांगण्याचा सारांश असा:

खडखड म्हणजे वजनदार वस्तू मोकळी झाली आहे. डिकीतला जॅक, पाना किंवा नीट न कसलेली स्टेपनी पाहावी. खुळखुळ म्हणजे पोकळीत एखादी बारकी वस्तू अडकली आहे. लहान मुलाच्या खुळखुळ्यात खडे असतात, तसे गाडीत एखादे नाणे किंवा स्क्रू असतो. टिकटिक म्हणजे हलकी, टणक वस्तू कशावर तरी हलकेच आपटते आहे. सीटबेल्टची जीभ, वायरीचा जोड, एखादी सळई ही तिची ठिकाणे. कुरकुर किंवा करकर मात्र आपटण्याची नसते, घासण्याची असते. दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटतात, ताण वाढला की निसटतात, पुन्हा चिकटतात. व्हायोलिनची तार गजाखाली हेच करते. फरक एवढाच, की तेथे आपण त्याला संगीत म्हणतो. भणभण म्हणजे एखादा पातळ पत्रा किंवा प्लॅस्टिकचा तुकडा इंजिनाच्या ठरावीक गतीला थरथरू लागतो. आणि गाडीच्या पोटातून, चाकाच्या बाजूने येणारी ठकठक किंवा ब्रेक दाबताच होणारी खरखर असेल, तर शोध वगैरे काही करत न बसता गाडी तडक गॅरेजमध्ये न्यावी. तो त्रासाचा प्रश्न नसून जिवाचा असतो.

म्हणून काकांनी सर्वांआधी गाडी उचलून चाकांचे नट, सस्पेन्शनचे बुश, सायलेन्सरचे पट्टे पाहिले. सर्व ठीक होते. "आता हा आतला आवाज. हा शोधायला हत्यार लागत नाही, सवड लागते. ती माझ्याकडे नाही, तुझ्याकडे आहे," असे म्हणून त्यांनी मला वाटेला लावले.

हलवणारा कोण?

वस्तू वाजते याचा अर्थ ती हलते. म्हणजे तिला कोणीतरी हलवते. मोटारीत हे काम प्रामुख्याने दोघे करतात, इंजिन आणि रस्ता. दोघांपैकी कोण, हे ठरवले की निम्मे काम होते.

इंजिनाचा हिशेब सोपा आहे. चार सिलिंडरच्या, चार ठोक्यांच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. इंजिन मिनिटाला 900 फेरे घेत असेल तर सेकंदाला 15 फेरे आणि 30 स्फोट. फेरे 1,800 झाले की स्फोट 60. प्रत्येक वस्तूची थरथरण्याची आपली अशी एक स्वाभाविक गती असते. झोपाळ्याला योग्य वेळी हलका धक्का दिला तरी तो उंच जातो. तसेच इंजिनाच्या धक्क्यांची गती वस्तूच्या स्वाभाविक गतीशी जुळली की ती जोराने थरथरू लागते. यालाच अनुनाद म्हणतात. म्हणून इंजिनामुळे होणारा आवाज बहुधा एका ठरावीक फेऱ्यांवर उठतो आणि त्याच्या पुढे-मागे विरतो.

रस्त्याचे तसे नाही. त्याचे धक्के अनियमित. खड्डा आला की वस्तू एकदा आपटते, खडी आली की वरचेवर आपटते.

तेव्हा पहिली परीक्षा अशी केली: गाडी अंगणात उभी, गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. आबांनी ॲक्सिलरेटर हळूहळू दाबून इंजिनाचे फेरे वाढवले, मी आत कान लावून बसले. टिकटिक झाली नाही. म्हणजे इंजिन निर्दोष, रस्ता गुन्हेगार. येथे एक इशारा. हीच परीक्षा चालत्या गाडीचे इंजिन बंद करून कोणी करू नये. इंजिन बंद पडले की ब्रेकला आणि स्टिअरिंगला मिळणारी मदत जाते. ब्रेक कठीण आणि स्टिअरिंग जड होते.

कान कसा फसवतो

आवाज रस्त्यामुळे होतो हे ठरले. आता तो कोठून येतो? माझ्या कानाला तो डॅशबोर्डाच्या डाव्या कोपऱ्यातून येत होता. अगदी बोट ठेवून दाखवता आला असता. त्यामुळे पहिला सगळा रविवार मी त्या कोपऱ्यावर खर्च केला. समोरचा खण रिकामा केला, त्याच्या झाकणाच्या कडेला फेल्टच्या पट्ट्या लावल्या, एअरकंडिशनरच्या जाळीत कापडाची घडी खुपसली. सोमवारी सकाळी टिकटिक जशीच्या तशी. डॅशबोर्ड उघडून पाहावा असेही मनात आले; परंतु हल्लीच्या गाड्यांत त्याच्या मागे एअरबॅग असते आणि तिच्या वायरींशी खेळणे धोक्याचे, म्हणून काकांनी ते काम मला स्पष्ट मना केले होते. तो मनाई हुकूम आमच्या गाडीवर उपकार करून गेला, कारण आवाज तेथे नव्हताच.

मग कान इतका ठामपणे खोटे का बोलला? याचे उत्तर मी नंतर शोधले आणि ते फार मनोरंजक आहे. आपले दोन कान साधारण वीतभर अंतरावर असतात. डावीकडचा आवाज डाव्या कानाला आधी आणि उजव्या कानाला किंचित उशिरा पोहोचतो. हा उशीर फार तर सेकंदाच्या दहा हजार भागांपैकी सहा-सात भाग एवढाच असतो. तरी मेंदू तो मोजतो. शिवाय बारीक, उंच पट्टीचा आवाज डोक्याच्या आडोशामुळे पलीकडच्या कानाला थोडा मंद ऐकू येतो; मेंदू तोही फरक धरतो. इंग्लंडमधील लॉर्ड रॅले या शास्त्रज्ञाने 1907 साली या दोन गोष्टींची सांगड घालून दिशाज्ञानाची उपपत्ती मांडली. आर्गॉन वायूच्या शोधाबद्दल 1904 साली नोबेल पारितोषिक मिळालेले ते हेच.

आता या व्यवस्थेतील खोच पाहा. माझ्या डाव्या हाताला, थोडा पुढे, एक आवाज झाला आणि तेवढाच मागे दुसरा आवाज झाला, तर दोन्ही वेळी दोन कानांमधला उशीर सारखाच असतो. म्हणजे 'डावीकडे' हे कान खात्रीने सांगतो. 'पुढे की मागे' हे सांगताना अडखळतो. उघड्यावर आपण सहज मान वळवतो आणि शंका फिटते. मोटारीत मी समोर बघत ताठ बसले होते. त्यात भर म्हणजे काचा आवाज परतवतात, आणि पत्र्यातून ध्वनी हवेपेक्षा कितीतरी पट वेगाने धावून भलत्याच ठिकाणी बाहेर पडतो. डोळ्यांसमोर डॅशबोर्ड होता, म्हणून मेंदूने आळ डॅशबोर्डावर घेतला!

तात्पर्य, आवाज जेथून येतो असे वाटते तेथे तो असेलच असे नाही. म्हणून कान अधिक टवकारण्यापेक्षा परिस्थिती बदलून पाहणे हाच खरा मार्ग.

तर्कशास्त्राची वही

प्रथम वर्षाला तर्कशास्त्राच्या तासाला आम्हाला जॉन स्टुअर्ट मिलच्या पद्धती शिकवल्या होत्या. त्याचा तर्कशास्त्रावरील मोठा ग्रंथ 1843 साली प्रसिद्ध झाला. कारण शोधण्याच्या पाच पद्धती त्यात दिल्या आहेत. अन्वय, व्यतिरेक, दोहोंचा संयोग, अवशेष आणि सहचारी परिवर्तन ही त्यांची नावे मी परीक्षेसाठी पाठ केली होती आणि परीक्षेनंतर विसरले होते. अन्वय-व्यतिरेक हे शब्द तर आपल्या न्यायशास्त्रातले, मिलपेक्षा कितीतरी जुने. एक असता दुसरे असते, एक नसता दुसरे नसते, असा त्यांचा साधा अर्थ. डॅशबोर्डाने नाक कापल्यावर मला ती वही आठवली.

मी एक नवी वही केली. रोज सकाळच्या प्रवासात टिकटिक झाली की लिहायचे: रस्ता कसा, वेग किती, वळण की सरळ, ब्रेक लावला होता का, गाडीत कोण कोठे बसले होते, थंडी होती की ऊन. थंडी-उन्हाचा संबंध काय, असे कोणी विचारील. प्लॅस्टिक उन्हाने पोलादाच्या कित्येक पट अधिक फुगते. त्यामुळे सकाळी ज्या फटीत दोन भाग आपटतात ती फट दुपारी बुजून आवाज बंद होऊ शकतो. कित्येक गाड्या गॅरेजमध्ये नेल्यावर गप्प बसतात, त्याचे एक कारण हे आहे. आमची टिकटिक मात्र सकाळी आणि दुपारी सारखीच होती. तेव्हा बहुधा ती प्लॅस्टिकच्या फटीची नव्हती.

दुसऱ्या रविवारी गाडी पूर्ण रिकामी केली. डिकीतला जॅक, पाना, आबांचे फडके, दारांच्या खिशांतल्या बाटल्या, खणातली कागदपत्रे, सगळे अंगणात मांडले. न वापरलेले सीटबेल्ट मागच्या सीटवर खोचून टाकले. मग गाडी त्याच रस्त्याने त्याच वेगाने नेली. मागून येणारी एक मंद खडखड, जी मी टिकटिकीच्या नादात वेगळी ऐकलीच नव्हती, ती नाहीशी झाली. वस्तू एकेक करून परत ठेवत गेले तेव्हा ती जॅकची निघाली. जॅक फडक्यात गुंडाळून पट्ट्याने आवळला. परंतु टिकटिक उरलीच. ज्याचे कारण कळले ते वजा करावे आणि जे उरते त्याचे कारण वेगळे शोधावे, हीच अवशेष पद्धती. गाडीत बहुधा एक आवाज नसतो, दोन-तीन असतात. एक काढला की दुसरा उघडा पडतो. विजेवर चालणाऱ्या नव्या मोटारींत बारीक आवाज अधिक जाणवतात ते याच न्यायाने. त्यांना झाकणारा इंजिनाचा आवाजच तेथे नसतो.

दोन गोष्टी एकदम बदलल्या

यानंतर नशिबाने हात दिला. एके दिवशी माझा धाकटा भाऊ बरोबर आला आणि मागच्या सीटवर डावीकडे बसला. तो लहान म्हणून आबांनी सेंट्रल लॉक लावले. सबंध वाटेत टिकटिक झाली नाही. मला आनंद झाला. परंतु वहीत लिहिताना लक्षात आले की त्या दिवशी दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या. दारे लॉक झाली होती आणि मागच्या डाव्या दाराला भाऊ रेलून बसला होता. यांपैकी कोणत्या गोष्टीने आवाज थांबला? दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या तर निष्कर्ष कशाचाच काढता येत नाही. हा नियम वहीत वाचताना कोरडा वाटतो, अशा वेळी त्याची किंमत कळते.

म्हणून दुसऱ्या दिवशी चार फेऱ्या केल्या. रस्त्याचा तोच खरबरीत तुकडा, तोच वेग. पहिली फेरी: लॉक नाही, दाराला कोणी टेकलेले नाही, टिकटिक पुरेपूर. दुसरी: लॉक आहे, टेकलेले कोणी नाही, टिकटिक निम्म्याहून कमी. तिसरी: लॉक नाही, पण मी मागे बसून दाराच्या आतल्या आवरणावर कोपर दाबून धरले, टिकटिक बंद. कोपर काढले की सुरू, दाबले की बंद. चौथीत दोन्ही, अर्थातच शांतता. आणि मागे बसून मान वळवताच कानालाही पुढचे-मागचे कळले. आवाज माझ्या कोपराखालीच होता.

आता प्रश्न उरला, या दाराला झाले काय? येथे आबांची वही उपयोगी पडली. प्रत्येक भाडे आणि प्रत्येक खर्च ते तारखेनिशी लिहितात. पाने उलटता उलटता दिसले: पावसाळ्यात मागच्या डाव्या दाराची काच वर-खाली होईना म्हणून ती दुरुस्त केली होती. त्या तारखेच्या आधीच्या सर्व भाड्यांत कोणाची तक्रार नव्हती; पुढच्या पंधरवड्यात पहिली आली. आवाज सुरू होण्याच्या थोडे आधी गाडीत काय बदलले, हा प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारला असता तर पहिला रविवार वाचला असता! जे वाचक स्वतः असा शोध घेणार असतील त्यांनी तो सर्वांत आधी विचारावा.

काकांनी दार उघडले. हँडलमागचे स्क्रू काढले, कडेच्या क्लिपा एकेक सोडवत आतले आवरण अलगद ओढले. त्याच्या मागे प्लॅस्टिकचा कागद असतो. काचेच्या फटीतून पावसाचे पाणी दारात उतरते आणि दाराच्या तळाच्या भोकांतून निघून जाते; ते बसणाराच्या अंगावर येऊ नये म्हणून हा कागद. तो बाजूला केल्यावर काकांनी बॅटरी आत धरली आणि मला बोलावले. कुलपाकडे जाणारी एक बारीक पोलादी सळई आपल्या प्लॅस्टिकच्या क्लिपेतून निसटून मोकळी लोंबत होती. गाडी हादरली की ती पत्र्याला टेकून टिक करी. लॉक लावले की सळई जरा सरके, म्हणून आवाज घटे. आवरण दाबले की ती दबून स्थिर होई, म्हणून आवाज थांबे. काच दुरुस्त करणाऱ्याने सळई बाजूला केली असावी आणि परत बसवायची राहिली असावी. क्लिप तुटली होती. काकांनी नवी बसवली, सळईला फेल्टची चिंधी गुंडाळली, आवरण लावले. सगळे मिळून अर्धा तासही लागला नाही. पंधरा दिवस शोधायचे आणि अर्धा तास दुरुस्तीचा!

अवशेष

लेख येथे संपायला हरकत नव्हती. गाडी गप्प झाली होती. परंतु अवशेष पद्धती एकदा हातात आली की ती मध्येच सोडता येत नाही. एक गोष्ट उरली होती. आबांना तो आवाज ऐकू का आला नव्हता?

शोधाच्या दिवसांत मी टिकटिक मोबाइलवर ध्वनिमुद्रित केली होती. गाडीत चार ठिकाणी मोबाइल ठेवून, कोठे आवाज मोठा येतो ते पाहायचा विचार होता. तो फसला, कारण मोबाइल आवाजाची पातळी स्वतःच कमी-जास्त करतो आणि चारही नोंदी जवळजवळ सारख्याच येतात. ते ध्वनिमुद्रण मी एका संध्याकाळी घरात सहज लावले. आईने ऐकले, भावाने ऐकले. "हीच ती," असे दोघेही म्हणाले. आबा मोबाइल कानाशी धरून बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "गाडी चाललीय, ते ऐकू येतंय. पण टिकटिक कुठाय?"

ते खर्च टाळत नव्हते. ते खरेच सांगत होते.

मग एकेक गोष्ट आठवू लागली. वळण घेतल्यावर इंडिकेटर तसाच चालू राहतो आणि मागचे लोक हॉर्न वाजवतात. आम्ही त्याला विसरभोळेपणा म्हणत होतो. परंतु इंडिकेटरची टिकटिकच ऐकू येत नसेल तर तो बंद करण्याची आठवण कोण देणार? दिवाळीच्या सुमारास एका गिऱ्हाइकाने फोनवर सहा वाजता या म्हणून सांगितले होते आणि आबा दहा वाजता गेले. भाडे गेले, बोलणी खावी लागली. 'सहा' आणि 'दहा' यांत फरक फक्त पहिल्या व्यंजनाचा, आणि स, श यांसारखी व्यंजने उंच पट्टीची असतात. निरोगी तरुण कानाला साधारण 20 पासून 20,000 कंपनांपर्यंतचे आवाज ऐकू येतात. वयाबरोबर यातली वरची बाजू आधी झिजते. खालची शाबूत असल्यामुळे माणसाला वाटते, मला सगळे ऐकू येते, लोकच पुटपुटतात. वर्षानुवर्षे मोठ्या आवाजात काम केलेल्यांना हे लवकरही होऊ शकते.

कान तपासून घ्या असे म्हटल्यावर आबा आठ दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. कारण मला नंतर कळले. भाड्याची गाडी चालवणाऱ्याला परवान्याच्या नूतनीकरणासाठी डॉक्टरांचा दाखला लागतो, त्यात ऐकू येण्याविषयीही असते. "दाखल्यात 'बहिरा' लिहिलं तर गाडी कोण चालवणार? तुझी फी कोण भरणार?" ते म्हणाले. मी पंधरा दिवस एका सळईच्या मागे हिंडत होते; हे भय त्यांच्या मनात किती दिवस खडखडत होते कोण जाणे. आणि त्यावर त्यांनी केलेला उपाय म्हणजे रेडिओ मोठा करणे, हाच होता.

शेवटी आई त्यांना घेऊन गेली. काचेच्या खोलीत बसवून, कानांवर हेडफोन लावून, निरनिराळ्या उंचीचे सूर ऐकवतात आणि ऐकू आले की बटण दाबायला सांगतात. त्याचा आलेख काढतात. आबांचा आलेख डावीकडे, म्हणजे खालच्या सुरांना, जवळजवळ सरळ होता. उजवीकडे घाटातल्या रस्त्यासारखा उतरला होता. डॉक्टरांनी सांगितले की हॉर्न, बोलणे, रस्त्यावरचे नेहमीचे आवाज ऐकायला अडचण नाही, वाहन चालवण्यास हरकत दिसत नाही. बारीक आवाजांसाठी श्रवणयंत्र लावावे. हल्लीची यंत्रे सगळेच मोठे करत नाहीत, जे सूर कमी पडतात तेवढेच उचलतात. आबांनी एवढेच विचारले, "गाडी चालवता येईल ना?"

कारण शोधण्याची पद्धत मला तर्कशास्त्राच्या पुस्तकाने दिली, पण तिच्यातली सर्वांत मोठी चूक पुस्तकात लिहिलेली नव्हती. वही केली तेव्हा रस्ता, वेग, वळण, ऊन सगळ्यांसाठी रकाने आखले; 'ऐकणारा कोण' हा रकाना आखला नाही. तीन जणांना ऐकू येते आणि चौथ्याला येत नाही, ही पहिल्याच दिवसाची, सर्वांत ठळक नोंद. तिला पुरावा न मानता मी ती आबांच्या स्वभावावर ढकलली. माणूस आपल्यापेक्षा वेगळे काही सांगत असेल तर तो खोटे बोलतो असे धरण्याआधी, त्याला खरोखरच वेगळे ऐकू येत असेल का, हे एकदा तपासून पाहावे.

परवा आबांची खर्चाची वही पुन्हा हातात आली. दाराच्या दुरुस्तीची ओळ तारखेनिशी होती: 'मागचे डावे दार, क्लिप.' तिच्या खाली, काही दिवसांनंतरच्या तारखेला, त्याच अक्षरात आणि गाडीच्याच खर्चात, दुसरी ओळ होती: 'कानाचे यंत्र.'